भागीरथाबाईंच्या हाताचा गुण

भिलाईच्या कोहका वस्तीत बाळ जन्मलं की आधी मिठाई वाटायची आणि मग भागीरथाबाईंना बोलवायचं, असा बरीच वर्षं शिरस्ता होता. एखाद्या घरी मिठाई राहून जायची, भागीरथाबाई राहायच्या नाहीत. बाळ तेलुगू असो, पंजाबी असो, छत्तीसगढी असो की आपल्याच गोंदियाकडचं, त्यांच्या लांब केलेल्या पायांवर पालथं पडलं की सगळी बाळं एकाच भाषेत रडायची आणि तेल जिरलं की एकाच भाषेत झोपायची. पोलादाच्या कारखान्याने देशभरची माणसं आणून भिलाईत वसवली, पण त्यांच्या पोरांना तेल लावायचं काम कोहक्यापुरतं तरी या एका बाईने अंगावर घेतलं होतं.

बाई मूळच्या आमगावजवळच्या खेड्यातल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा नवरा, चिंधू, कारखान्यात कोळसा भाजायच्या भट्टीवर, कोक ओव्हनला होता. आता तो रिटायर होऊन दारात खुर्ची टाकून बसतो, आणि कानाने अधू असल्यामुळे त्या घरात त्याच्याइतका सुखी माणूस दुसरा नाही. कारण बाईंची जीभ तिखट. भाजीवाल्याशी भांडण, नळवाल्याशी भांडण, आणि ज्या दिवशी कोणी सापडत नसे त्या दिवशी देवाशी.

नुसतं तेल चोपडणाऱ्या बाया पुष्कळ मिळतील. भागीरथाबाईंची ख्याती होती ती डोक्यासाठी. आंघोळीआधी बाळाचं डोकं दोन्ही तळहातांत धरून त्या ते रोज थोडंथोडं वळवत, कपाळ चेपत, टाळू भरत. महिन्याभरात डोकं गोल झालं नाही तर नाव बदलीन, असा त्यांचा दावा होता आणि गल्लीचा त्यावर विश्वास होता. बाळाचं डोकं आपलं आपणच गोल होतं असं विज्ञान म्हणतं. पण विज्ञान तेव्हा कोहक्यात राहायला आलेलं नव्हतं.

मग त्यांच्या स्वतःच्या घरी नात झाली. मुलगा प्रितम कारखान्याच्या रेल मिलमध्ये, जिथे रेल्वेचे रूळ बनतात तिथे, ओव्हरहेड क्रेन चालवतो, सून वंदना जवळच्या सुपेल्यात शिवणाचं दुकान चालवते. नातीचं नाव ठेवलं उर्वी. जन्मली तेव्हा तिची पावलं वरून सुजलेली होती. बघायला आलेल्या बाया म्हणाल्या, "बाळसं धरूनच आली वो पोट्टी." डोकं जरा लहान होतं, पण भागीरथाबाई असताना डोक्याची काळजी कोण करणार? जिथे इतरांच्या बाळांना त्या सव्वा महिना तेल लावत, तिथे नातीला सहा महिने लावलं. हात कधी सैल पडू दिला नाही.

पहिल्या वर्षी जावळ काढलं. न्हाव्याने शेवटचा वस्तरा फिरवला आणि इतके दिवस काळ्याभोर केसांखाली झाकलेलं डोकं सगळ्यांसमोर उघडं पडलं. ते खरंच लहान होतं. चेहरा वर्षाच्या मुलीचा आणि वरचा भाग जणू अजून वाढायचाच राहून गेलेला.

शेजारच्या राधाबाई पुढे बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही मुलांना भागीरथाबाईंनीच चोळलं होतं, तेव्हा बोलायचा हक्क आपला आहे असं त्यांना वाटलं असावं.

"भागीरथे," त्या म्हणाल्या, "घरचं लेकरू म्हून जास्तच दाबलं का व?"

थट्टेत म्हणाल्या की खरंच, देव जाणे. पण बोललेलं काही परत घेता येत नाही. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गल्लीच्या त्या टोकाला गेली आणि आठवड्याभरात सुपेल्याच्या भाजीबाजारातून फिरून परत आली, तोवर तिला हातपाय फुटले होते: भागीरथाबाईंनी नातीच्या डोक्यावर गुडघा ठेवला होता म्हणे.

एरवी अशा बोलण्यावर बाईंनी राधाबाईंच्या सात पिढ्या काढल्या असत्या. या वेळी त्या गप्प बसल्या. आणि गप्प बसल्या यातच सगळं आलं, कारण राधाबाई जे तोंडाने बोलल्या ते बाईंच्या मनात आधीच येऊन बसलं होतं. त्यांनी तेलाची वाटी माळ्यावर टाकली. कोणी बोलवायला आलं तर म्हणत, "मनगटं दुखून राहिली बापा, आता होत नाई." मनगटांना काहीही झालेलं नव्हतं. ज्या हातांनी शंभर घरची बाळं चोळली त्याच हातांनी आपण आपली नात बिघडवली, या एका विचाराने बाई आतून पोखरून गेल्या होत्या, आणि हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही.

उर्वी उशिरा चालली आणि उशिरा बोलली, पण एकदा बोलायला लागल्यावर थांबली नाही. चालताना मात्र दाराच्या चौकटीला धडकायची. पायरी उतरताना बसून उतरायची. जवळच्या बालवाडीने दोन महिने ठेवून घेतलं आणि मग वंदनाला बोलावून सांगितलं की मुलगी मंदबुद्धी आहे, दुसरीकडे बघा. वंदना कमी बोलणारी बाई. ती घरी आली, मुलीला समोर बसवलं आणि तिच्यापासून थोडं दूर हाताची बोटं धरली. मग थोडं जवळ. मग बाजूला.

"आई," ती सासूला म्हणाली, "हिले समजत नाई असं नाई. हिले दिसत नाई."

जुनवानीच्या डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं आणि तोही तेच म्हणाला: डोळ्याच्या आतल्या पडद्यात गडबड आहे. मग त्याने मुलीचं डोकं पाहिलं, चपलेत न मावणारी सुजकी पावलं पाहिली, आणि सांगितलं की नुसते डोळे बघून भागणार नाही, रायपूरला आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरकडे न्या, आणि उशीर करू नका, कारण पडदा सुटला तर जे दिसतं तेही जाईल.

आता भागीरथाबाईंची पंचाईत झाली. "रायपूरले काहाले?" त्या म्हणाल्या. "इथं काय डॉक्टर नाई?" मग म्हणाल्या, गाडीत पोरीला त्रास होईल. मग म्हणाल्या, अमावास्या होऊन जाऊ दे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. मोठा डॉक्टर मुलीच्या डोक्याला हात लावेल आणि विचारेल, हे कोणी दाबलं? आणि तेही सुनेच्या देखत.

पण जायच्या दिवशी प्रितमची फर्स्ट शिफ्ट होती, रजा मिळाली नाही, आणि उर्वीला एकटीने सांभाळून रायपूरला नेणं वंदनाला जमण्यासारखं नव्हतं. बाई मुकाट्याने लुगडं बदलून निघाल्या. पॉवर हाऊस स्टेशनपासून रायपूरपर्यंत नात मांडीवर बडबड करत होती आणि आजी खिडकीबाहेर बघत एकच वाक्य मनात घोटत होती.

डॉक्टर नीरजा रायपूरच्या जुन्या मराठी घरातल्या. तपासण्याआधी त्या वंदनाला एकेक विचारू लागल्या: पोटात असताना ताप आला होता का, कोणती औषधं घेतली, घरात नात्यात लग्नं आहेत का. वंदना खाली मान घालून उत्तरं देत होती. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला भागीरथाबाईंना राहवलं नाही. त्या उठून उभ्याच राहिल्या.

"डॉक्टरबाई, तिले काई विचारू नोका. तिचा काई दोष नाई. हे मीच केलं."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. तेल, टाळू, तळहात, सहा महिने, जावळ, राधाबाई. सांगताना दोन्ही हात पुढे धरले होते, जणू पोलिसाने बेड्याच घालाव्यात. वंदना तोंडाला पदर लावून ऐकत होती. चार वर्षं ही बाई शेजारच्या खोलीत हे घेऊन झोपत होती आणि आपल्याला पत्ता नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

डॉक्टर नीरजा हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "काकू, आजवर किती बाळांना मालिश केली असेल?"

"मोजली नाई बापा. आता त्यायचीई लग्नं झाली."

"त्यांच्यातल्या कितीजणांची डोकी लहान राहिली?"

बाई विचारात पडल्या. "एकाचंई नाई."

"मग सगळी ताकद नातीपुरतीच कुठून आली?"

हा प्रश्न चार वर्षांत बाईंना कोणी विचारला नव्हता आणि त्यांनीही स्वतःला विचारला नव्हता. डॉक्टरांनी टेबलावरची मोजपट्टी उचलली, आणि उर्वीच्या नव्हे, भागीरथाबाईंच्या डोक्याभोवती लावली.

"मले कावून?" बाई दचकल्या. आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते आता मापून बघतात की काय, असं त्यांना वाटलं.

"तुमचंही लहानच आहे काकू," डॉक्टर म्हणाल्या. "अंबाडा एवढा मोठा बांधता म्हणून कळत नाही. मुलाचं कसं आहे?"

आता वंदनाला हसू आवरेना. "यायचं हेल्मेट," ती नवऱ्याबद्दल म्हणाली, "शेवटच्या खाचेवर आवळलं तरी हलते. आत रुमाल घडी करून ठेवतेत. मिलमध्ये पोट्टे छोटी टोपी म्हून चिडवतेत."

रक्त दिलं. उर्वीचं, वंदनाचं, बाईंचं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन प्रितमचं. निकाल यायला काही आठवडे लागणार होते. त्या आठवड्यांत भागीरथाबाई कोणाशीही भांडल्या नाहीत. भाजीवाल्याने चौकशी केली, तब्येत बरी आहे ना म्हणून.

निकालाच्या दिवशी सगळेच गेले. चिंधूसुद्धा गेला, जरी त्याला ऐकू येण्यासारखं तिथे काही नव्हतं. डॉक्टर नीरजांनी खुर्ची पुढे ओढली आणि कणकेचा गोळा हाताने तोडावा तसा हवेत हात करून दाखवला.

"आपण सगळे एका पेशीपासून सुरू होतो. एकीच्या दोन, दोनांच्या चार. पेशी दोन व्हायच्या आधी आपल्या आतल्या मुख्य सामानाच्या दोन प्रती काढते, आणि एकेक प्रत एकेका टोकाला जावी लागते. त्यासाठी पेशीच्या आत बारीक रूळ टाकले जातात, आणि त्या रुळांवर चालणारी प्रथिनं असतात, मोटरसारखी. त्यांतली एक मोटर समोरासमोरचे दोन रूळ एकदम पकडते आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलते. म्हणून टोकं लांब जातात आणि पेशी नीट दुभागते. ही मोटर कशी बनवायची ते ज्या जीनमध्ये लिहिलेलं असतं, त्याचं नाव केआयएफ इलेव्हन. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईची आणि एक वडिलांची. उर्वीची एक प्रत चांगली आहे. दुसरी बिघडलेली आहे."

प्रितम पुढे सरकला. रूळ आणि मोटर म्हटल्यावर त्याला ओळखीचं कोणी भेटल्यासारखं झालं. "म्हणजे मॅडम, दोन क्रेन पाहिजे आन चालू एकच. काम बंद नाई पडत. पण लोड वाढला का अटकते."

"अगदी तसंच. आणि सगळ्यात जास्त लोड असतो पोटात मेंदू तयार होताना. तेव्हा पेशी इतक्या भराभर लागतात की मोटर कमी पडली की काम रेंगाळतं. पेशी कमी, म्हणून मेंदू लहान, आणि मेंदूच्या मापाने कवटी लहान. डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या आणि पायातलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, त्यांनाही हीच मोटर लागते. म्हणून डोळे, म्हणून पाय." मग त्या भागीरथाबाईंकडे वळल्या. "ही बिघडलेली प्रत उर्वीला वडिलांकडून आली. आणि त्यांना तुमच्याकडून. तुम्ही बाळाला हात लावायच्या कितीतरी आधी, ती पोटात असतानाच हे झालेलं आहे. एकाच घरात कोणाला नुसतं लहान डोकं आणि कोणाला इतका त्रास, हे का, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही."

भागीरथाबाईंनी ऐकलेलं परत एकदा मनात फिरवून पाहिलं.

"म्हणजे खोट माह्या रक्तात आहे," त्या सावकाश म्हणाल्या, "हातात नाई?"

"खोट म्हणू नका. पण हो, हातात नाही."

दुसरी एखादी बाई आपल्यामुळे नातीला आजार आला हे ऐकून कोसळली असती. भागीरथाबाई आधी पदरात तोंड घालून मोठ्याने रडल्या, आणि मग त्याहून मोठ्याने हसल्या, इतक्या की बाहेर बसलेले पेशंट दार उघडून बघायला आले. चिंधूने विचारलं, काय झालं. बाईंनी त्याच्या कानात ओरडून सांगितलं, "सुटली मी!" त्यांचा जीव भांड्यात पडला तो चार वर्षांनी.

डॉक्टरांनी लगेच त्यांना जमिनीवर आणलं. एक तर बाळांची डोकी दाबणं बंद, तेल लावायचं तर नुसतं लावा, टाळूला हात घालू नका. हे ऐकून बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्या क्षणी त्यांनी काहीही कबूल केलं असतं. आणि दुसरं, उर्वीचे डोळे याच आठवड्यात नीट तपासायचे, आणि प्रितमचेही.

प्रितमचा चेहरा उतरला. डोळ्यांत काही निघालं तर क्रेनवरून उतरवतील, ही भीती क्रेनवाल्याला जन्मभर असते. "मले तर सगळं दिसते," तो म्हणाला. "नंतर पाहू."

"मी चार वर्षं लपवून काय कमावलं?" आई म्हणाली. "चाल मुकाट्यानं."

दोघांचे डोळे तपासले. उर्वीच्या उजव्या डोळ्याचा पडदा बराचसा गेलेला होता, पण डाव्याचा सुटण्याच्या बेतात असून अजून सुटला नव्हता. लेझर करून तो वाचवला. प्रितमच्या एका डोळ्यात कडेला नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढायला लागल्या होत्या, त्याला काही जाणवायच्या आत तिथेही लेझर झाला, आणि फिटनेसचा दाखला मिळवून तो महिन्याभराने पुन्हा आपल्या केबिनमध्ये चढला. मोटरचा जीन बदलता येत नाही, पण त्याने काय बिघडणार हे आधी कळलं तर पुष्कळ वाचवता येतं.

उरले पाय. दुर्गच्या फिजिओथेरपीवाल्या मुलीने, भाग्यश्री तिचं नाव, सांगितलं की पायाची सूज औषधाने जायची नाही, तिला रोज मालिश लागेल, आणि ती घरच्याच कोणी शिकून घेतलेली बरी. वंदनाने सासूचा हात धरून पुढे केला.

बाईंना वाटलं, मालिश? ती मला कोण शिकवणार? पण पहिल्याच दिवशी भाग्यश्री म्हणाली, "काकू, पोळी नाही लाटायची. फक्त कातडी सरकली पाहिजे, वरच्या दिशेने, मोरपीस फिरवल्यासारखं." आयुष्यभर जोर हेच भांडवल असलेल्या बाईला जोर काढून टाकायला सांगणं म्हणजे काय! हात दाबायलाच जाई. त्या स्वतःच्या हातावर चिडत, भाग्यश्रीवर चिडत, आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर होत. पण शिकल्या. रोज सकाळी मालिश आणि वरून घट्ट पट्टी. पावसाळा सरता सरता उर्वीची पावलं इतकी उतरली की सुपेल्याच्या दुकानात तिला पहिल्यांदा बंद बूट आले. ते घालून ती शाळेत जाऊ लागली, साधी, सगळ्यांचीच शाळा. पहिल्या बाकावर जागा आणि मोठी अक्षरं, एवढंच वंदनाने मागितलं आणि शाळेने ते दिलं. दिवाळीपर्यंत उर्वी जाड चष्म्यातून पाटी नाकाशी धरून वाचायला लागली. शिकायला इतरांपेक्षा वेळ लागतो, हे खरं आहे. पण एकदा शिकलं की विसरत नाही, आणि वाचलेलं सगळ्या गल्लीला ऐकवल्याशिवाय राहत नाही.

गल्लीला आता ऐकू येत होतं, दिसत होतं, पण तोंडाने कोणी कबूल करत नव्हतं. भागीरथाबाईंनी जीन, मोटर, रूळ सगळं ज्याला त्याला सांगितलं. बाया मान डोलावत आणि घरी जाऊन आपापल्या सुनांना म्हणत, "तरी पन आपलं लेकरू नोको."

माघात राधाबाईंना नातू झाला. त्यांची सून ऐश्वर्या माहेरी न जाता इथेच बाळंत झाली. बारशाला सारी गल्ली जमली होती, राजनांदगावहून पाहुण्या आल्या होत्या. उर्वी पाळण्यामागच्या भिंतीशी नाक नेऊन फुग्यांखालचं नाव अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचत होती. पाहुण्यांपैकी एका बाईने तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा कळवळ्याने विचारलं, "अगोबाई, या पोट्टीचं डोकं असं कावून व?"

जावळाच्या दिवशीसारखेच सगळे उर्वीच्या डोक्याकडे बघू लागले. राधाबाई ओटीच्या ताटातले तांदूळ सारखे करत राहिल्या. वंदना पुढे यायला निघाली, पण भागीरथाबाईंनी तिला हाताने मागे सारलं. त्या मांडवाच्या मध्यभागी आल्या, डोक्यावरचा पदर खाली टाकला, अंबाड्याचे काटे उपसले आणि केस मोकळे सोडले. आपल्या लहानशा डोक्यावरून दोन्ही तळहात सपाट फिरवून त्यांनी ते चारी बाजूंनी दाखवलं.

"माह्यावर गेली!" त्या म्हणाल्या. "दिसत नाई? माही नात आहे, माह्यावर नाई जाईन तर कोनावर जाईन?"

आवाजात लाज तर नव्हतीच, होता तो निव्वळ तोरा. पाहुणी चरकली. ऐश्वर्या पहिली हसली, मग वंदना, मग सगळा मांडव. उर्वीने वाचणं सोडलं, आजीला खाली वाकवून तिच्या मोकळ्या केसांत हात घातला आणि तिचं डोकं चाचपून जाहीर केलं, "हो, सारखंच हाये!"

राधाबाईंनी ताट खाली ठेवलं. त्या पाळण्याकडे गेल्या, नातवाला उचललं, आणि इतक्या लोकांच्या देखत भागीरथाबाईंच्या हातांत दिलं. डोळे भरून आले होते, ते पुसायलाही त्या थांबल्या नाहीत.

भागीरथाबाईंनी बाळाला वर-खाली न्याहाळलं, डोक्याला अजिबात हात लावला नाही, आणि त्याचं इवलं पाऊल तळहातावर तोललं.

"तेल कोमट करून ठेवजो उद्या सकाळी," त्या म्हणाल्या. "आन राधे, मी लावून राहिली तोवर मधात बोलाचं नाई."